लोकल गार्डियनचा रकाना

"सही मी करणार न्हाय. पोरगी माझ्या घरात ऱ्हाणार. विषय संपला," असं म्हणून त्या गृहस्थांनी फॉर्म माझ्या टेबलावर पालथा ठेवला आणि ते उठले.

ते इंदुमती कोलेकरचे सख्खे चुलते. गडमुडशिंगीत राहायचे, एका कारखान्यात टाइमकीपर होते. इंदू त्यांच्या शेजारीच उभी होती. नेसरीहून पहिल्या एसटीने आलेली. तिची पत्र्याची ट्रंक बाहेर व्हरांड्यात होती. चुलते दारापर्यंत गेले, वळले आणि तिला म्हणाले, "चल." ती जागची हलली नाही. ते पुन्हा म्हणाले. तेव्हा ती म्हणाली, "तात्या, तुम्ही जावा. मी येत न्हाय."

आवाज अजिबात चढलेला नव्हता. चुलते माझ्याकडे असे बघून गेले, जसं काही हे तिला मीच शिकवलं होतं. इंदू बाहेर जाऊन ट्रंकेवर बसली.

ही एकाहत्तर सालातली गोष्ट. मी कोल्हापुरातल्या एका सायन्स कॉलेजात बॉटनी शिकवत होते आणि दोन वर्षांपासून मुलींच्या हॉस्टेलची रेक्टर होते. रेक्टर हा शब्द भारदस्त आहे. काम म्हणजे पाण्याच्या टाकीपासून मुलींच्या तापापर्यंत सगळं बघायचं. नेमणूक एका वर्षाची, दर जुलैत रिन्यू व्हायची. त्याबरोबर हॉस्टेलच्या आवारात दोन खोल्यांचं क्वार्टर मिळायचं. मला त्या क्वार्टरची गरज होती. मी तेहतीस वर्षांची, एकटी. भाड्याने खोली बघायला गेलं की पहिला प्रश्न यायचा, "मिस्टर काय करतात?" मिस्टर नाहीत म्हटलं की खोली आदल्या दिवशीच कुणाला तरी दिलेली असायची.

हॉस्टेलमध्ये अठ्ठेचाळीस कॉट होत्या. अर्ज त्याच्या दुपटीहून जास्त यायचे. मार्कांप्रमाणे मेरिट लिस्ट लागायची आणि मग अलॉटमेंट, म्हणजे कुणाला कुठली खोली, कुठली कॉट. प्री-डिग्रीच्या, म्हणजे मॅट्रिक होऊन नुकत्याच आलेल्या मुलींच्या लिस्टमध्ये इंदू अकरावी होती. जागा तिची होती. फक्त फॉर्म पुरा हवा होता. अलॉटमेंट शनिवारी दुपारी बाराला बंद व्हायची. तोवर ज्यांचे फॉर्म अर्धवट, त्यांच्या जागा वेटिंग लिस्टवरच्या मुलींना जायच्या. चुलत्यांनी फॉर्म पालथा घातला तो दिवस होता गुरुवार.

फॉर्मवर सहीचे दोन रकाने होते. एक पालकांचा. तिथे इंदूच्या वडिलांनी जाड, वाकड्या अक्षरात सही केलेली होती. दुसरा लोकल गार्डियनचा. लोकल गार्डियन म्हणजे कोल्हापुरातलाच असा माणूस, जो मुलगी आजारी पडली तर येईल, सुट्टीत घरी न्यायचं तर रजिस्टरमध्ये सही करेल आणि काही भलतंसलतं झालं तर ज्याला आम्ही बोलावू शकू. खेडेगावात फोन नव्हते. तार पोचायला दिवस जायचा. त्यामुळे हा रकाना रिकामा चालत नसे, आणि ते योग्यच होतं. कोलेकरांना कोल्हापुरात ओळखीचं एकच माणूस होतं, ते म्हणजे हे चुलते. सही करायची नाही एवढ्यावरच त्यांचं काम भागत होतं.

मी इंदूला आत बोलावलं आणि काय झालंय ते विचारलं. तिने रडत वगैरे सांगितलं नाही. मे महिन्यात ती तीन आठवडे चुलत्यांकडे राहिली होती. काकीला पाचवा महिना होता, घरात तीन लहान मुलं. पहाटे उठून विहिरीचं पाणी, मग सहा जणांच्या भाकरी, धुणं. पुस्तक उघडलं की काकी धाकटं पोर मांडीत आणून ठेवायची. काकीच्या भावाचं लग्न व्हायचं होतं, त्याचं नावही दोन-तीनदा उगाच निघालं होतं.

"काकी वाईट न्हाय," इंदू म्हणाली. "तिला हाताखाली मानूस पायजे. पन मी त्यासाठी आलो न्हाय. मी शिकाय आलोय."

आमच्या भागात बायकाही 'आलो', 'करतो' असंच म्हणतात. पुण्याकडच्या वाचकांनी गोंधळू नये.

मी विचारलं, दुसरं एखादं बोर्डिंग बघितलंस का. कोल्हापुरात समाजासमाजाची बोर्डिंगं पूर्वीपासून आहेत. ती म्हणाली, बघितली. मॅट्रिकच्या परीक्षेनंतर ती एकटी येऊन चार ठिकाणं बघून गेली होती. आमच्या मेसमधल्या मुलींना तिने विचारलं होतं की अभ्यासाला टेबल मिळतं का, प्रॅक्टिकल साडेपाचला सुटलं तर जेवण राहतं का, परीक्षेच्या काळात दिवा किती वाजता बंद करतात. एका बोर्डिंगात टेबल नव्हतं. एकात मुलींसाठी जागाच नव्हती. तिसरं कॉलेजपासून फार लांब. आणि लोकल गार्डियनचा रकाना सगळीकडेच होता. हॉस्टेल असं पारखून घेणारी मुलगी मी त्याआधी पाहिली नव्हती. बहुतेकींना वडील जिथे सोडतील तिथे त्या राहायच्या.

मी तिला म्हटलं, जागा देणं माझ्या एकटीच्या हातात नाही. पण शनिवारपर्यंत तुझं नाव मी लिस्टवरून काढणार नाही. अलॉटमेंट झाल्याशिवाय हॉस्टेलात कुणाला ठेवता येत नव्हतं. म्हणून तिची ट्रंक मी माझ्या क्वार्टरमध्ये हलवली. माझ्या घरात कोण पाहुणं यावं, यावर नियम नव्हता.

त्याच दुपारी ती चालत एसटी स्टँडवर गेली आणि नेसरीच्या गाडीच्या ड्रायव्हरजवळ घरी द्यायला चिठ्ठी दिली. शुक्रवारी दुपारी तिची आई आली. एकटीच. हातात पिशवी, पायात धुळीने भरलेल्या चपला. वडील का आले नाहीत, असं मी विचारलं.

"त्यास्नी भावाम्होरं बोलाय येत न्हाय," बाई म्हणाल्या. "म्हनून मी आलो."

दरम्यान मी दोन ठिकाणी शब्द टाकून पाहिला होता. केमिस्ट्रीच्या एका सहकाऱ्यांनी सरळ सांगितलं की भावकीतल्या भांडणात मला ओढू नका. दुसऱ्या एक बाई तयार झाल्या, पण दुसऱ्या दिवशी त्यांच्या यजमानांचा निरोप आला की जमणार नाही. इंदूच्या आईने मला विचारलं, "मग बाई, तुम्हीच का करत न्हाईसा?" प्रश्न रास्त होता. पण फॉर्म तपासून मंजुरीला पाठवणारी मी. लोकल गार्डियनने मुलीची चौकशी करायची ती माझ्याकडेच. एकाच फॉर्मवर दोन्ही बाजूंनी माझीच सही चालली नसती. हॉस्टेलच्या स्टाफपैकी कुणी गार्डियन होऊ नये, असं नियमातच होतं.

मेसला दूध घालायला हौसाबाई माने यायच्या. गंगावेशीत त्यांचं स्वतःचं घर, दारात सहा म्हशी. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली. धंदा त्यांनी एकटीने चालवलेला. बोलणं तोफेसारखं. मेसच्या आचाऱ्यांनाही त्यांचा धाक होता. त्या दिवशी चारच्या सुमारास दूध घालून झाल्यावर त्या मेसच्या पायरीवर इंदूच्या आईशेजारी बसलेल्या मला दिसल्या. दोघींच्या म्हशींवर गप्पा चालल्या असतील असं मला वाटलं. थोड्या वेळाने हौसाबाई रिकामी किटली घेऊन थेट माझ्या ऑफिसात आल्या.

"रेक्टरबाई, ती गार्डनची सही काय असती? मी करतो की."

मी त्यांना बसायला सांगितलं. हे हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं. सही म्हणजे काय काय, ते मी एकेक करून सांगितलं. दवाखाना, सुट्टी, तक्रार. कदाचित चुलते येऊन भांडतील, तेही सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, पोर आजारी पडली तर घरी न्यायची की दवाखान्यात. मी म्हटलं, आधी दवाखान्यात, मग घरी. ते त्यांना पटलं. मग त्यांनी इंदूला बोलावलं आणि माझ्यासमोर तिला सांगितलं, "माझ्यापासनं काय लपवायचं न्हाय. ताप असूदे, नापास हो, न्हायतर आनि काय असूदे. आदी मला कळलं पायजे. जमंल?"

इंदू म्हणाली, "जमंल."

तिच्या आईने मात्र लगेच हो म्हटलं नाही. तिने हौसाबाईंचं घर बघायचं म्हटलं. मला ते आवडलं. तिघी चालत गंगावेशीला गेल्या. परत आल्यावर आईने मला सांगितलं, घर सारवलेलं आहे, देवाजवळ दिवा आहे आणि म्हशी खात्यापित्या आहेत. ज्या बाईची जनावरं पोटभर खातात तिच्यावर भरवसा ठेवायला हरकत नाही, असं त्यांचं मत पडलं.

हौसाबाईंना लिहिता येत नव्हतं. मी स्टँप पॅड पुढे केलं. त्यांनी डावा अंगठा नीट दाबून उमटवला. शेजारी मी त्यांचं नाव, पत्ता आणि 'माझ्यासमक्ष' असं लिहिलं. पत्त्याचा पुरावा म्हणून त्यांनी त्यांच्या नावाची घरपट्टीची पावती आणून दिली होती, तीही जोडली.

शनिवारी सकाळी सगळे फॉर्म घेऊन मी प्राचार्यांकडे गेले. प्राचार्य गणिताचे. माणूस वाईट नव्हता, पण जपून वागणारा. ते एकेका फॉर्मवर सही करत गेले. इंदूच्या फॉर्मवर थांबले.

"या हौसाबाई माने म्हणजे आपल्याकडे दूध घालतात त्या?"

मी हो म्हटलं.

त्यांनी पेन खाली ठेवलं. "मॅडम, लोकल गार्डियन प्रतिष्ठित माणूस असावा लागतो."

मी नियमांची छापील पुस्तिका बरोबर नेली होती. पान उघडून त्यांच्यासमोर ठेवलं. 'कोल्हापूर शहरात कायम राहणारी जबाबदार प्रौढ व्यक्ती,' असे शब्द होते. प्रतिष्ठित हा शब्द कुठेही नव्हता. ते म्हणाले, अर्थ तोच आहे. मी म्हटलं, "सर, पंचगंगेचं पाणी रस्त्यावर आलं होतं, तेव्हाही हॉस्टेलला दूध आलं. याहून जबाबदार कुणाला म्हणायचं?"

मग बोलणं अंगठ्यावर आलं. अंगठा कसा चालेल, असं ते म्हणाले. गेल्या वर्षीच्या फॉर्मांवर पालकांच्या रकान्यात नऊ अंगठे होते आणि ते सगळे त्यांनीच मंजूर केलेले होते. मी ते फॉर्म नेले होते. त्यांनी चाळले नाहीत. मग ते म्हणाले, त्या मेसशी संबंधित आहेत. मी म्हटलं, नियमात स्टाफ म्हटलंय. हौसाबाई आपल्या मस्टरवर नाहीत.

तेव्हा त्यांनी ड्रॉवर उघडला आणि दोन कागद टेबलावर ठेवले. एक होता चुलत्यांचा अर्ज. घरच्यांच्या इच्छेविरुद्ध रेक्टरबाई मुलीला हॉस्टेलात डांबून ठेवत आहेत, असं त्यात लिहिलं होतं. दुसरी चिठ्ठी संस्थेच्या एका पदाधिकाऱ्यांची होती. वेटिंग लिस्टवर पहिली असलेल्या मुलीची त्यात शिफारस होती. त्या मुलीचं घर मला माहीत होतं. ते राजारामपुरीत होतं, कॉलेजपासून चालत पंधरा मिनिटांवर.

चुलत्यांच्या अर्जाचं उत्तर फॉर्मवरच होतं. मी वडिलांच्या सहीवर बोट ठेवलं. चुलत्यांची परवानगी लागते, असा नियम नव्हता. दुसऱ्या चिठ्ठीला उत्तर नव्हतं, आणि ते आम्हा दोघांनाही कळत होतं.

प्राचार्य अगदी शांतपणे म्हणाले, "तुमची नेमणूक पुढच्या महिन्यात रिन्यूअलला येईल. लक्षात आहे ना?"

ते माझ्या लक्षात होतं. क्वार्टरमधल्या माझ्या दोन खोल्या डोळ्यांसमोर आल्या. खिडकीतल्या कुंड्यासुद्धा. पण मला रागही आला होता. दोन दिवस मी जी माणसं बघत होते, त्यांतल्या कुणाच्याही हातात काही नव्हतं आणि तरी त्यांतलं कुणी मागे सरलं नव्हतं. मीच सरायचं म्हणजे फारच झालं असतं.

"लक्षात आहे, सर," मी म्हटलं. "आपण फॉर्म नामंजूर करू शकता. फक्त कोणत्या नियमाखाली, ते फॉर्मवर लिहून द्या. मी ते नोटीस बोर्डावर लावते, म्हणजे पुढच्या वर्षी पालकांचा गोंधळ होणार नाही."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मग घड्याळाकडे. बाराला वीस मिनिटं होती. त्यांनी पेन उचललं, फॉर्म जवळ ओढला, पुन्हा वाचला. नियमांच्या पुस्तिकेचं पान त्यांनी एकदा उलटं-सुलटं केलं. शेवटी त्यांनी लिहिलं, 'रेक्टर यांच्या जबाबदारीवर मंजूर.' आणि सही केली.

"जबाबदारी तुमची," ते म्हणाले.

मी म्हटलं, "लेखी आहेच."

इंदू आणि तिची आई खाली व्हरांड्यात बसल्या होत्या. मी नुसतं 'झालं' म्हटलं. आईने दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. इंदूने विचारलं, कुठली कॉट. तोवर दोनच राहिल्या होत्या. तिने दोन्ही खोल्यांत जाऊन टेबलावर उजेड कुठून येतो ते बघितलं आणि वरच्या मजल्यावरची घेतली. आईने गादी हाताने दाबून पाहिली. मग ती दुपारच्या गाडीने नेसरीला गेली.

दुसऱ्या रविवारी चुलते आले. फाटकावरच्या वॉचमनला त्यांनी सांगितलं की पुतणीला घरी न्यायला आलोय. भेटायला हरकत नव्हती. बाहेर न्यायचं तर गार्डियनचं नाव रजिस्टरला लागतं, आणि तिथे त्यांचं नाव नव्हतं. त्यांचा आवाज पार माझ्या खोलीपर्यंत आला. मी खाली गेले. ते मला म्हणत होते, सख्ख्या चुलत्याला फाटकाबाहेर ठेवता आणि एका दूधवालीला पोरगी देता, हा कुठला न्याय. मी काही बोलायच्या आत इंदू जिन्याने उतरून आली.

"तात्या, सही कराय तुमालाच सांगितलं हुतं," ती म्हणाली. "तुमी न्हाय म्हनलासा. काकीला दिवस भरलं की सांगा, मी सुट्टी काढून चार दिस येतो. ऱ्हायला मातर येनार न्हाय."

चुलते सायकल वळवून गेले. काकी बाळंत झाली तेव्हा इंदू खरोखर चार दिवस जाऊन आली. सुट्टीच्या अर्जावर हौसाबाईंचा अंगठा होता.

जुलैत माझी रेक्टरशिप रिन्यू झाली नाही. पत्रात कारण दिलेलं नव्हतं. मी ते लेखी मागितलं. मिळालं नाही. क्वार्टर सोडलं आणि बऱ्याच खटपटीनंतर मंगळवार पेठेत एका निवृत्त नर्सबाईंकडे मला एक खोली मिळाली. तिथे नळाला पाणी तासभरच यायचं. कुंड्या ठेवायला जागा नव्हती, त्या मी डिपार्टमेंटला देऊन टाकल्या. वाईट वाटलं नाही असं मी म्हणणार नाही. पहिले काही महिने कॉलेजातून निघाले की पाय सवयीने हॉस्टेलकडे वळायचे.

पुढच्या जूनमध्ये नियमांची पुस्तिका नव्याने छापून आली. लोकल गार्डियनच्या व्याख्येत एक शब्द वाढवला होता, 'सुशिक्षित'. मंजुरी दरवर्षी नव्याने घ्यावी लागे. म्हणजे हौसाबाई बाद. इंदू फॉर्म घेऊन माझ्याकडे डिपार्टमेंटला आली. तिचा चेहरा उतरला होता. मी तो नियम दोनदा वाचला. शहरात कायम राहणारी, जबाबदार, सुशिक्षित, प्रौढ. हॉस्टेलच्या स्टाफवर नसलेली. मी आता स्टाफवर नव्हतेच. त्यांनीच काढलं होतं. मी पेन काढून तिथल्या तिथे सही केली.

प्राचार्यांनी तो फॉर्म मंजूर केला. व्हरांड्यात समोरासमोर आलो तेव्हा ते थांबले, काहीतरी बोलणार असं वाटलं, पण "पाऊस लांबला यंदा," एवढंच म्हणून ते गेले.

हौसाबाईंना कसं सांगायचं, हा मला प्रश्न पडला होता. एका शब्दाने त्यांना नालायक ठरवलेलं होतं. मी सांगितल्यावर त्यांनी छापणाऱ्यांच्या नावाने दोन शिव्या घातल्या. मग म्हणाल्या, "सही तुमची. ऐतवार माजा." पुढे शेवटच्या वर्षापर्यंत इंदू दर रविवारी गंगावेशीत जेवायला होती. एकदा तिला कावीळ झाली तेव्हा दवाखान्यात रात्रंदिवस हौसाबाईच बसल्या. मी दोन वेळा डबा नेला, इतकंच.

इंदू बी.एस्सी. झाली. फर्स्ट क्लास नाही, सेकंड. फिजिक्समध्ये एकदा गटांगळी खाल्ली होती आणि ठरल्याप्रमाणे ते आधी हौसाबाईंना कळलं होतं, मला नंतर. मग तिने बी.एड. केलं आणि गडहिंग्लजकडच्या एका शाळेत सायन्स शिकवायला लागली. चुलत्यांनी तिच्याशी पुढे कधी सरळ बोलणं ठेवलं नाही. तिच्या लग्नालाही ते आले नाहीत. काकी आली, मुलं घेऊन.

मी आणखी बावीस वर्षं नोकरी केली. रेक्टर मला पुन्हा कुणी केलं नाही. त्या सगळ्या प्रकारातून मी एवढंच शिकले. 'नियमात बसत नाही' असं कुणी म्हटलं की नियमाची छापील प्रत मागावी आणि ती अक्षर न् अक्षर वाचावी. मग नकार लेखी मागावा. तोंडी नकार देणारे पुष्कळ असतात. तोच नकार कागदावर लिहायची वेळ आली की त्यांतल्या बहुतेकांना मंजुरीची सही करणं सोपं वाटतं.